मामांचा खोकला आणि कोरे डोळे

रायगड जिल्ह्यात उगवणारी एकही कडू वनस्पती माझ्या मामांच्या पोटात जायची राहिलेली नाही. पेणमधल्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात येणारा प्रत्येक माणूस त्यांचा खोकला ऐकून एक औषध सांगतो आणि मामा ते घेतात. नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, कांद्याचा रस झाला. कुणी छातीला कोमट तेल चोळायला सांगितलं, तर मामांनी ते चोळलं आणि उरलेलं पिऊनही टाकलं, "आतून-बाहेरून एकदाच होऊन जाऊ दे" म्हणून. वर प्रत्येक औषधाला शाबासकी, "हलका झालाय बरं का!" आणि हे पुरतं बोलून व्हायच्या आत असे खोकत, की फळीवरचे मातीचे उंदीर हलत.

डॉक्टरचं नाव काढलं की मात्र अंगावर येत. "पेणमध्ये दवाखान्याची पायरी चढलो की मी घरी पोचायच्या आत आळीभर बातमी होईल. गिऱ्हाईक म्हणेल, याचा हात हलतो." मामांचं सगळं नाव आखणीवर, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्यावर. ते काम ते श्वास रोखून करतात, आणि यंदा श्वास रोखला की खोकला आलाच! त्यामुळे गणपती रंगून, दागिने लेवून तयार, पण डोळे कोरे. मामी ती रांग बघायची आणि पदर तोंडाला लावायची. तिचे वडील छातीच्या दुखण्यानंच गेले. शेवटी तिनं मला फोन केला, "यांना तुझ्याकडं ने रे. मला भ्या वाटतंय."

मी रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमी गावात राहतो. रोह्यात तुम्हाला कोण ओळखतंय, असं म्हणून मामांना गाडीत घातलं. दवाखान्यात टेकतोय तोच शेजारचा माणूस ओरडला, "मामा, तुम्ही? आमचा गणपती तुमच्याकडंच हाय की!" आणि लगेच त्यानं हळद-दूध सांगितलं. मामांनी मान डोलावली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. खोकला कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

"साचे काढत होतो तेव्हा सर्दी धरली. पॉलिशला खोकला लागला. आखणी आली तरी हाय."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. दोनेक महिने झाले, मी भाषांतर केलं. ताप, रक्त, वजन घटणं, बिडी, सगळ्याला मामांचं "नाय."

"पॉलिश म्हणजे काय करता?"

"वाळलेली मूर्ती काचकागदानं घासायची. धुरळा उडतो."

"कारखाना बंद असला की?"

मामा विचारात पडले. "तेव्हा बरा असतो," म्हणाले, आणि स्वतःच चकित झाले.

"रंगवलेल्या मूर्तीवर धूळ बसू नये म्हणून काय करता?"

"प्लॅस्टिक घालतो."

"आणि तुम्हाला?"

"मला कोण मखरात बसवणार हाय?"

बाईंनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं, थुंकी तपासायला घेतली आणि एक्स-रे फोटो काढायला सांगितला. फोटोची वाट बघताना मामांनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "यंदाचे डोळे दुसऱ्या कुणाकडून काढून घेशील ना?"

फोटो स्वच्छ निघाला. पुढं थुंकीतही काही नाही. हुश्श! सर्दीनंतर श्वासनळी हुळहुळी झालेली, आणि धूळ तिला बरी होऊ देत नव्हती. औषधाचा पंप तोंडानं ओढायचा, नाका-तोंडाला मास्क लावायचा, घासायचं काम काही दिवस दुसऱ्यावर सोपवायचं. मामांनी रस्त्यातच मामीला फोन लावला, "काय नाय गो! नुसता धुरळा हाय!" मामीनं ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पुढं मी पेणला गेलो तेव्हा मामा मास्क लावून बसले होते. पंप चालू होता आणि अडुळसाही. दोघांना सारखीच शाबासकी. गिऱ्हाइकांच्या मूर्तींचे डोळे झाले होते, घरचा गणपती तेवढा राहिला होता. तो शेवटी का, विचारलं तर म्हणाले, "डोळे उघडले की पहिला मीच दिसणार. खोकताना कशाला दिसू?"

मग त्यांनी कुंचला उचलला. एक डोळा झाला, दुसरा झाला. खोकला आला नाही. दारात मामी हातात चहाची कपबशी घेऊन उभी होती, तशीच, न हलता. मामांनी कुंचला खाली ठेवला आणि मागं न बघता म्हणाले, "सोड गो आता श्वास."