तसं फार वाईट नाही

नाव यादीतून काढलं आहे, असं फोनवर कळलं तेव्हा एरलिसमावशीचं ओलं डोकं माझ्या हातात होतं. फेस कोपरापर्यंत आला होता आणि फोन ओट्यावर ठेवून मी मोठ्या आवाजावर लावला होता. मी नळ बंद केला आणि म्हटलं, पुन्हा सांगा.

"एरलिस प्रॉसर. गुडघा बदलायचा होता. नाव कमी केलंय, वसंत ऋतूतच," इस्पितळातली मुलगी म्हणाली. "पेशंटनंच सांगितलंय तसं."

मी खाली पाहिलं. मावशी स्वयंपाकघराच्या बेसिनवर वाकलेली, डोळे घट्ट मिटलेले.

"मावशी, तू सांगितलंस?"

"अगं, कशी आहेस म्हणून विचारलं तिनं," मावशी बेसिनातूनच बोलली. "तसं फार वाईट नाही म्हटलं. माझ्यापेक्षा वाईट कितीतरी जण आहेत, त्यांचं आधी बघा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

अडीच वर्षं ही बाई त्या गुडघ्याची वाट बघत होती, आणि एका वाक्यात सगळं पाण्यात गेलं होतं.

मी केस कापते. दुकान नाही, खोऱ्यात घरोघरी जाऊन कापते. माणसं मला मागून ओळखू येतात. कुणाच्या मानेवर कुठे तीळ आहे ते मी झोपेतही सांगेन, पण गुडघ्यांशी माझा संबंध येत नाही. पुढचं ऐकून लोक विचारतात, ग्वेंडा, तू दर गुरुवारी मावशीकडे जात होतीस ना? म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मावशी सगळ्या खोऱ्याचीच; तिनं उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला, दगडी फरशीवर. आमच्याकडे पन्नाशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हातचं जेवलंय, मीसुद्धा. कोळशाच्या खाणी बंद पडल्या त्या वर्षांत ज्यांच्या घरी चूल थंड होती, तीच पोरं सगळ्यात आधी म्हणायची, मला भूक नाही. मावशी डाव उचलायची. "तुला विचारलंय कुणी? ताट पुढे कर." ‘नको’ या शब्दावर तिनं कधीही विश्वास ठेवला नाही. बटाटा ताटात पडायचाच.

त्या फरशीनं गुडघा खाल्ला. महासाथीच्या आधी सर्जननं फोटो पाहिला, हाडावर हाड घासत होतं. "तुम्ही इथपर्यंत आलात कशा?" त्यानं विचारलं. "बसनं," मावशी म्हणाली. मार्चची तारीख मिळाली. नवीन झोपायचा गाऊन घेतला, बॅग भरली. आणि मग फोन आला की सगळं बंद. हाडांच्या वॉर्डातल्या खाटा धाप लागलेल्या लोकांना गेल्या, गुडघे बदलणारे डॉक्टर त्यांना श्वास घेता यावा म्हणून पालथं झोपवायच्या कामाला लागले. कुणी कुरकुर केली नाही. मावशी तर दर गुरुवारी संध्याकाळी दाराच्या चौकटीला टेकून त्या डॉक्टर-नर्सांच्या कौतुकासाठी पातेलं बडवायची.

मग इस्पितळानं हळूहळू गाडी रुळावर आणली. हाडांसाठी वेगळी इमारत काढली, वेगळं दार ठेवलं, खोकणाऱ्याला तिथं मज्जाव. पण सुरू करण्याआधी वाट बघणाऱ्या प्रत्येकाला फोन करून विचारायचं ठरलं, शस्त्रक्रिया अजून हवी आहे का? कारण काहीजण वारले होते, काहींनी पदरचे पैसे घालून बाहेर करून घेतली होती. विचारलं ते बरोबरच होतं. पण आमच्याकडे एकदा विचारून काही कळत नाही. माझ्या वडिलांच्या फुप्फुसात कोळसा साचलेला, नाकात नळी, आणि तरी डॉक्टरला म्हणायचे, तसं फार वाईट नाही. डॉक्टर इथलाच होता. तो खुर्ची ओढून बसायचा आणि पुन्हा विचारायचा, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळेला खरं बाहेर यायचं.

"तुझं नाव काय गं?" मी फोनवर विचारलं.

"लोवरी बेडो."

माझं डोकंच फिरलं. "लोवरी, मी ग्वेंडा. तुझ्या लग्नात केस मी बांधलेत. तू ह्या बाईच्या हातचं जेवलीस, इथं वाढलीस, आणि तिनं बरं आहे म्हटलं ते खरं मानलंस?"

"ग्वेंडाताई, त्या दिवशी मी सकाळपासून फोन करत होते," ती म्हणाली. "किती घरी तर माणूसच उरलं नव्हतं. कुणाची बायको रडत होती, कुणाचा मुलगा अंगावर ओरडला. मग मावशी फोनवर आली आणि म्हणाली, मी बरी आहे. मला इतकं हायसं वाटलं, की मी पुन्हा विचारलंच नाही."

मी नळ सोडला आणि राहिलेले केस धुतले.

लोवरीनं सांगितलं ते असं. पेशंटनं स्वतः सांगितलं की त्रास आहे, तर चूक दुरुस्त करून जुनी जागा परत मिळवता येईल. नाही तर पुन्हा साध्या डॉक्टरपासून सुरुवात, रांगेच्या शेवटी. ती रांग इतकी लांब होती की मावशी तोवर ऐंशीच्या पुढे गेली असती. गेली असती म्हणजे, असलीच तर. लोवरी म्हणाली, काम संपवून मी घरीच येते.

तोवर मी मावशीची तालीम घेतली.

"विचारलं की सांगायचं, झोप लागत नाही."

"लागते गं थोडी."

"थोडी म्हणायचं नाही. आणि सांगायचं, जिना चढवत नाही."

मावशीनं मान वळवली. मग म्हणाली, "रोलर लाव बाई, डोकं गार पडलं."

लोवरी आली तेव्हा मावशी पांढरे केस नीट बसवून, तपकिरी स्वेटर घालून बसली होती. चहा झाला.

"मावशी, कशी आहेस?"

"तसं फार वाईट नाही. तू किती वाळलीस! घरी कुणी खायला घालतं की नाही?"

मी टेबलाखालून पाय मारला. तो लोवरीला लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

"शेजारी जा. माझी बिघडलीय," मावशी म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. अगं, वर पसारा आहे, लोवरी. लोवरी!"

ती जिना चढून गेलीसुद्धा. वरून पावलं ऐकू आली, मग थांबली. मावशी छताकडे बघत बसली. मग लोवरीचा आवाज आला, अगदी हळू. "ग्वेंडाताई, जरा वर या."

जिन्याच्या पायऱ्यांवर लोवरीच्या बुटांचे ठसे उमटले होते. इतकी धूळ. वर पलंगावर चादर नीट अंथरलेली, तिच्यावर मेलेल्या माश्या, आणि मध्यभागी भरलेली बॅग. नवा गाऊन वरच ठेवलेला, दुकानाची चिठ्ठी तशीच. मावशीचा नवरा एमरिसकाका जाऊन वर्षं झाली, त्यांच्या चपला पलंगाखाली. कपाट उघडलं तर मावशीचे सगळे कपडे तिथंच लटकत होते, निळा कोट, चॅपेलात प्रार्थनेला जायचे कपडे, सगळे स्वेटर. मावशीच्या अंगावर मी दोनच स्वेटर बघत आले होते, एक हिरवा, एक तपकिरी. मला वाटायचं, आवडीचे असतील.

लोवरीनं बाथरूमचा नळ सोडला. नळ खोकला आणि गंजाचं लाल पाणी आलं.

मार्चसाठी भरलेली बॅग खाली आलीच नव्हती. तारीख रद्द झाली, गुडघा गेला, आणि एके दिवशी मावशी खाली उतरली ती पुन्हा वर चढलीच नाही. तिच्या डोक्यावर तिचं अर्धं घर दोन वर्षं बंद पडलं होतं. तिचा ऑस्ट्रेलियातला मुलगा दर रविवारी फोन करून विचारायचा, कशी आहेस. त्यालाही तेच उत्तर मिळालं असणार.

न्हाणी-संडास दोन्ही वरच, मग ती आंघोळ कुठं करत होती? संडासला कुठं जात होती? मी आणि लोवरी एकमेकींकडे बघत खाली उतरलो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक फुलाफुलांचा पडदा होता. दर गुरुवारी मी तो बघत होते, आत झाडू असेल समजत होते. लोवरीनं तो सरकवला. झाकणाची बादली होती, शेजारी जंतुनाशकाची बाटली, एक घडी केलेला पंचा. सगळं लख्ख स्वच्छ. आणि आंघोळीला होतं तेच बेसिन, ज्यात मी तिचे केस धुवायची आणि वर म्हणायची, मावशी, किती चकचकीत ठेवतेस गं.

मी खुर्चीत बसले.

लोवरी मावशीसमोर गुडघ्यांवर बसली. "मावशी, कशी आहेस?"

"म्हटलं ना, तसं फार…"

"तुला ते नाही विचारलं. ताट पुढे कर."

मावशीचे हात मांडीवर होते. तिनं ते उलटे केले, सुलटे केले. बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

"वाईट आहे," ती म्हणाली. "फार वाईट आहे, पोरी."

आमच्या खोऱ्यात स्वतःबद्दल हा शब्द बोललेला मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या वडिलांनी मरतानाही उच्चारला नाही. लोवरीनं शब्द न शब्द लिहून घेतला, आणि तिनं भांडून मावशीची जुनी जागा परत आणली. शरद ऋतूत नव्या इमारतीत गुडघा बदलला. तो गाऊन मी दोनदा धुतला, तरी त्याचा बंद वास गेला नाही.

पण मला राहून राहून आठवतं ते त्या संध्याकाळचं. लोवरी गेली, मी कंगवे आवरत होते. मावशी जिन्याकडे बघत होती.

"ग्वेंडा, तू वर गेलीस ना?" तिनं विचारलं. परगावाहून आलेल्या माणसाला विचारावं तसं. "कसं आहे गं वर?"

माश्या, चपला, ते लाल पाणी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"तसं फार वाईट नाही, मावशी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "पुन्हा विचारू?"

"नको," मी म्हणाले.

तिनं हातानं समोरची खुर्ची ओढली, मला तीत बसवलं, आणि पुन्हा विचारलं.