काळं पडलेलं तांबं

उल्हासनगरात लॅपटॉप दुरुस्त करणारा कैलास मशीन उघडलं की आधी हुंगायचा. धूप, फोडणी, झुरळं, सगळं त्याला वासावरून कळायचं, आणि कळलं की तो गिऱ्हाइकाला झाडायचाही. "देवघरात ठेवलात ना? आता बसा बोंबलत."

गेल्या वर्षी चांगल्या हवेसाठी म्हणून त्यानं बिऱ्हाड खरवईला हलवलं. नवी बिल्डिंग, मागे माळरान. त्याची बायको माधवी खिडक्या सताड उघड्या ठेवायची.

एका रविवारी घरचाच लॅपटॉप चालता चालता बंद पडला, तो परत सुरूच होईना. कैलासनं चार्जर बदलला, रॅम पुसून बसवली. शेवटी बोर्ड काढून नाकाशी धरला. कुजक्या अंड्यांचा वास. रोज संध्याकाळी खिडकीतून यायचा तोच, नाल्याचा समजून त्यानं सोडून दिलेला. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा काळ्या पडून तुटल्या होत्या. असे बोर्ड त्याच्याकडे केमिकल कंपन्यांतून यायचे, राहत्या घरातून कधीच नाही.

तेवढ्यात त्यांची छोटी ओवी खोकत बाहेर आली. तिच्या पायातले चांदीचे पैंजण परत काळे पडले होते. अंगात उष्णता आहे म्हणून माधवी तिला सब्जाचं पाणी पाजायची, आणि पैंजण दंतमंजनानं घासून पुन्हा घालायची.

कैलासनं उठून एकेक खिडकी लावून घेतली.

"लावताय कशाला?" म्हणत माधवीनं ओवीजवळची खिडकी परत उघडली. "पोरीला जरा मोकळी हवा लागू दे."