कोड शिकायला आलेली वऱ्हाडी माणसं

ग्रुप सुरू केला तेव्हा वाटलं होतं, चार प्रश्न येतील, चार उत्तरं देऊ. पण माणसं जमली की कामापेक्षा सांगण्यासारखंच जास्त साचत जातं. आता घरी कोणी चहाला आलं की बायकोच म्हणते, "सांगा तुमच्या ग्रुपचं काहीतरी." मग मी सुरू होतो.

मी अमरावतीत घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. पुण्याचा माझा जुना सहकारी निखिल आणि मी, दोघांनी मिळून मराठीतून कोडिंग शिकवायला हा ऑनलाइन ग्रुप काढला. प्रश्न चॅटवर, आणि रविवारी सकाळी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल. वाटलं, इंजिनिअरिंगची पोरं येतील. आलीही. पण टिकले ते दुसरेच.

*

अकोल्याचे दिगंबर गुरुजी साठीच्या पुढचे. पौरोहित्य करतात. का आलात विचारलं तर म्हणाले, "नवीन भाषा आहे म्हणे. म्हणून आलो."

त्या रविवारी निखिल ‘लूप’ समजावत होता. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं, दर वेळी फक्त एक गोष्ट बदलायची. तीन उदाहरणं झाली तरी कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे सहस्रनाम. नाव दर वेळी बदलतं, ‘नमः’ तेच राहतं. नावं संपली की थांबायचं."

निखिलनं ते लगेच लिहून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, हे मी उद्या ऑफिसात सांगू का?"

"सांगा की. फक्त थांबायचं कुठे ते आधी ठरवा. नाहीतर यजमान उपाशी राहतात."

*

वैशालीताई इथेच अमरावतीत वकिली करतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचा प्रोग्राम अडकला आणि अख्खी स्क्रीन लाल ओळींनी भरली. अशा वेळी नवीन माणूस लॅपटॉप बंद करून उठतो. ताईंनी मात्र शांतपणे शेवटच्या ओळीवर जाऊन चूक वाचली आणि दुरुस्त केली.

"वरून का नाही वाचलं?" मी विचारलं.

"निकालपत्र हातात आलं की आम्ही आधी शेवटचं पान बघतो. काय झालं ते कळू द्या, मग का झालं ते वाचू."

आम्ही शिकवतो त्या पायथन भाषेत खरी चूक शेवटच्याच ओळीत लिहिलेली असते. मला हे उमजायला नोकरीचं पहिलं वर्ष लागलं होतं.

*

गजाननभाऊ तेल्हाऱ्याचे, कपाशीचे शेतकरी. त्यांच्या पहिल्या प्रश्नाला निखिलनं एक लिंक पाठवली, ‘हे वाचा’ म्हणून. उत्तर आलं, "वाचलं. समजलं नाही, म्हणूनच तं इचारून राहिलो. तुमी सांगता का मी दुसरीकडं जाऊ?"

निखिलचा मला लगेच फोन. "ते चिडलेत का रे?"

"नाही रे. विनंती करतायत."

मग निखिल त्यांच्याशी तासभर बोलला. भाऊंना ॲप बनवायचं नव्हतं, नोकरी नको होती. एकच गोष्ट त्यांना खटकत होती. "मी मोबाईलवर ‘मले’ लिहितो, हा त्याचं ‘मला’ करते. ‘तुले’ लिहिलं का ‘तुला’. काहून करते असा?"

त्यांचा कीबोर्ड खुल्या कोडचा निघाला. म्हणजे त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा, बदल सुचवावा. शब्द कुठे साठवलेले असतात ते भाऊंनी शोधून काढलं. मग बायकोला विचारून, शेजाऱ्यांना विचारून वऱ्हाडी शब्द गोळा केले आणि पाठवून दिले. कीबोर्डचं काम बघणाऱ्या कुठल्याशा परदेशी माणसानं ते तपासले. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला:

"मले मंजुरी भेटली."

खाली दुसरी ओळ होती: "पाहा, कीबोर्डनं बदललं नाही."

निखिलनं मराठीतली सगळी शाबासकी लिहिली. मी त्या दोन ओळी बायकोला वाचून दाखवल्या.

*

सुनीता भातकुलीची. रोज अमरावतीला येऊन साडीच्या दुकानात काम करायची. सासूबाई कमळाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्या दिवसभर तिला व्हॉइस मेसेज पाठवायच्या. मग त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली.

बटण दाबलं की बोलणारं ॲप सुनीतानं टाकून पाहिलं. "त्यातली बाई लय शुद्ध बोलते, भाऊ," ती मला म्हणाली. "आई बटन दाबते अन् तोंड फिरवते."

म्हणून ती ग्रुपवर आली. कमळाबाईंचे जुने मेसेज तिच्या मोबाईलमध्ये होतेच. त्यांतून एकेक वाक्य कापायचं आणि एकेका बटणाला जोडायचं. आवाज कापायला निखिलनं शिकवलं, बाकी तिचं तिनं केलं. पाणी, पंखा, दुखणं, सगळं सापडलं. शिवाय एक वाक्य पुन्हा पुन्हा सापडत होतं. मागण्याबिगण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ते टाकवेना. त्यालाही तिनं शेवटचं बटण दिलं.

रविवारच्या कॉलवर तिनं दुसऱ्या फोनवरून ते आम्हाला दाखवलं. कमळाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. तिनं आपला मोबाईल त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी पहिलं बटण दाबलं.

"पाणी आण वं."

स्वतःचा आवाज ऐकून त्या थबकल्या. मोबाईल उलटा करून मागून पाहिला. पुन्हा दाबलं.

"आणते, आई," म्हणत सुनीता उठली. पेला घेऊन आली. कमळाबाईंनी तो हातानं बाजूला सारला. बोट एकेका बटणावरून सरकत शेवटच्यावर थांबलं.

"जेवली काय वं?"

सुनीता पेला धरून तशीच उभी होती.

"नाही आई, अजून नाही," ती म्हणाली.

कमळाबाईंनी तिला स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.