नवऱ्याच्या फोनमधलं ‘घर’

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगू का, अजूनही ठेवायची इच्छा नाही. नागपुरात बेसा भागात माझं पार्लर आहे. थ्रेडिंग करून घेता घेता बायका काय काय सांगतात... कोणाला विहिरीपाशी कोणी दिसलं, कोणाच्या जावेच्या अंगात आलं. मी ‘हो का, अगं बाई’ म्हणायची आणि दोरा चालू ठेवायची. आता माझ्यावरच वेळ आली आहे, तर खुशाल हसा.

मी अनिलची दुसरी बायको. पहिली, वैशाली, आजारपणात गेली. सासर नरखेडकडचं, संत्र्याची बाग आहे. तिकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंनी लग्नातच माझ्या गळ्यात चांदीचा छोटा टाक घातला, त्यावर बाईचा चेहरा ठोकलेला. म्हणाल्या, "हे वैशाली. नवी साडी आणली का आधी हिले कुंकू लावाचं, साडी दाखवाची, मंग घडी मोडाची."

म्हणजे मेलेली सवत गळ्यात बांधून फिरायचं! नागपुरात आल्या आल्या मी तो टाक काढला आणि ड्रेसिंग टेबलच्या ड्रॉवरमध्ये, पिनांच्या डब्यात टाकून दिला.

जळायचे का मी तिच्यावर? हो, जळायचे. चांगली जळायचे. पाटवडीचा रस्सा केला की अनिल पहिल्या घासाला गप्प व्हायचा, आणि मला कळायचं कोणाची आठवण झाली ते. त्याच्या फोनमध्ये माझा नंबर ‘मनीषा बेसा’ म्हणून सेव्ह — जशी काही मी गॅसवाली! आणि तिचा कधीच बंद झालेला नंबर अजून ‘घर’ नावानं.

एका रविवारी दुपारी तो जेवून झोपला होता. दूधवाल्याचा नंबर हवा होता म्हणून मी त्याचा फोन उघडला. कॉल लिस्टमध्ये ‘घर’, ‘घर’, ‘घर’... रोज ऑफिसच्या लंच टाइममध्ये. आणि नुसते लावलेले नाहीत, लागलेले. वीस-वीस मिनिटं, कधी अर्धा तास.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, नंबर कोण्या दुसरीला मिळाला असणार आणि हा तिच्याशी गुलुगुलु बोलतो. एक सवत ड्रॉवरमध्ये असताना ही दुसरी कोण? बाल्कनीत जाऊन आधी माझ्या फोनवरून लावला. ‘आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही.’ परत लावला, परत तीच टेप. मग त्याच्या फोनवरून लावला... आणि रिंग गेली.

"हं, बोला," एक बाई म्हणाली. मागे कुठेतरी शेतातली मोटर चालू होती.

मी तोंडच सोडलं. "कोण वं तू? दुसऱ्याच्या नवऱ्याशी बोलाले लाज नाही वाटत?"

मग, "मनीषा बोलून राहिली का?" आणि हसली. चांगलं नाही हसली. "रोज फोन लावते तो अन् तुह्याच गोष्टी सांगते. मनीषानं असं केलं, मनीषाच्या पार्लरमदी गर्दी राह्यते, मनीषा झोपीत बडबडते... कान किटले वं माहे. माह्या आठवणीचं एक अक्षर नाही."

मी तिथेच फरशीवर बसले.

"मोरपंखी साडी आणली म्हणे तुले, सोताहून. मले जन्मात आणली नाही त्यानं." मग म्हणाली, "अन् तू मले दाखोली बी नाही."

फोन कट. लगेच त्याच फोनवरून परत लावला, तर टेप. नंबर अस्तित्वात नाही.

मी ड्रॉवरमधून टाक काढला, कुंकू लावलं, मोरपंखी साडी पुढे पसरली. भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. ती माझ्यावर जळत होती! इतकी वर्षं मी उगीच रक्त आटवलं.

दुसऱ्या दिवशी अनिल ऑफिसातून उतरलेल्या चेहऱ्यानं आला. चहासुद्धा घेईना. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला.

"वैशूचा नंबर लागे वं माह्या फोनवरून. काहून लागे, मले नाही माहीत. तिकडून काहीच आवाज नाही ये, नुसतं कोणी ऐकून राहिलं असं वाटे. मी आपला बोलत बसो. म्हटलं एक दिवस तरी बोलन ती... आज लागलाच नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काल तू लावला होता ना? दिसते फोनमदी. तुले आला का तिचा आवाज?"

त्याचे डोळे भरले होते. मी कपबशी उचलली.

"नाही," म्हटलं, "टेपच लागली."

माझ्या मावसभावाचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं चौकशी केली, तो नंबर अजून कोणालाच दिलेला नाही म्हणे. मग रिंग कुठे जात होती, मोटर कोणाच्या शेतातली, माझी साडी तिला कशी माहीत... अनिलनं सांगितली असेल, पण ऐकलं कोणी? टाक आता माझ्या गळ्यात असतो.

अनिल या ग्रुपवर नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तो अजून दुपारी नंबर लावून पाहतो, मला माहीत आहे. वैशाली बोलली, हे एकदा त्याला कळलं तर तो परत तिचा होईल. नवरा मी तिच्याशी वाटून घेतला. तिचा आवाज मात्र मी त्याला देणार नाही.