रविवारी मुकादमाचा मेल

झाडंवाल्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत. शर्टाच्या खिशात बी राहून जातं आणि धुवायला टाकताना सापडतं, तसे ते सापडत राहतात. परवा चहाला बसलो होतो, तर एकजण म्हणाला, "रियाजभाई, तुमच्या त्या नेटवरच्या ग्रुपमध्ये भांडणं व्हायची का हो?" म्हटलं, बाबा, भांडणाला दोघं लागतात. आमच्यात एकटा मुकादम होता. बाकीचे सगळे घाबरलेले!

नसरापुरात तेव्हा माझा सायबर कॅफे होता. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दिवसातून कितीदातरी जाणारी लाईट. मोबाईलवर नेट यायच्या आधीचे दिवस ते. गिऱ्हाईक नसलं की मी अडेनियमवाल्यांच्या ग्रुपवर बसायचो. अडेनियम म्हणजे बुंधा मुळ्यासारखा जाड आणि वर गुलाबी फुलं. पाणी कमी पडलं तर चालतं, पण जास्त झालं की आतून कुजतं. वरून झाड हसत असतं आणि आत सगळा चिखल. त्यामुळे हे झाड पाळणारा माणूस मुळातच भित्रा होतो.

त्यात आमचा मुकादम. हे त्याचं ग्रुपवरचं नाव, खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःबद्दल कधी एक अक्षर लिहायचा नाही. नुसते हुकूम.

*

माझा पहिला मेल मला अजून पाठ आहे. रोमन अक्षरांत मराठी लिहायचो आम्ही. "नमस्कार, मी नवीन आहे, माझ्या झाडाची पानं पिवळी पडतायत, कृपया मार्गदर्शन करावे." चांगला अर्धा तास लावून लिहिला होता.

उत्तर आलं, "आधी जुने मेल वाचा. मग बोला."

बास, एवढंच. मागोमाग बाकीचे जुने लोक आले. "मुकादमांनी सांगितलंय ते करा." "इथे आयतं मिळत नाही." काल सून असलेली आज सासू झाली की जोर जरा जास्तच असतो. स्वतःच्याच दुकानात मी चोरासारखा कॉम्प्युटर बंद केला. शेजारच्या गिऱ्हाईकाने विचारलं, "काय झालं, व्हायरस आला का?"

म्हटलं, "हां, तसंच काहीतरी."

*

भोरचे एक डॉक्टर ग्रुपवर आले. ऑपरेशन करणारे, मोठं नाव. त्यांनी फुलांनी लगडलेल्या झाडाचा फोटो टाकला. डॉक्टरांना वाटलं, आता वाहवा होणार.

मुकादमाने लिहिलं, "फूल दिसलं. मूळ दाखवा."

आता चांगलं झाड कोणी उपटतं का? पण डॉक्टर इतके टरकले की त्यांनी खरंच झाड कुंडीतून उपसलं, धुतलं आणि मुळाचा फोटो टाकला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

"मूळ चांगलं होतं," मुकादमाचं उत्तर आलं. "आता नाही."

पुढे डॉक्टर एकदा कॅफेवर आले तेव्हा मला म्हणाले, "रियाज, मी रोज माणसं कापतो. हात थरथरत नाही. त्या दिवशी थरथरला."

*

वेल्ह्याच्या एका गुरुजींनी भीत भीत विचारलं होतं, आमच्याकडे पाऊस चार-चार महिने हटत नाही, झाडं कशी जगवू? मुकादमाचं उत्तर, "पाऊस थांबेपर्यंत झाड घरात. जागा नसेल तर माणूस बाहेर."

गुरुजींची एकच खोली. त्यांनी कॉटवर कुंड्या मांडल्या आणि नवरा-बायको पडवीत झोपायला लागले. बायको बिचारी वैतागली. "ह्यो मुकादम तुमचा साहेब लागतो का?"

गुरुजी म्हणाले, "साहेबाकडं निदान रजा तरी मागता येती."

झाडं मात्र सगळी जगली. तेवढ्यासाठी तर आम्ही मार खात होतो.

*

मुकादमाचे मेल फक्त रविवारी यायचे. शनिवार संध्याकाळपासून मी आपलेच मेल पुन्हा वाचून चुका शोधत बसायचो, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं पुस्तक उलटतात तसा. या आठवड्यात कोणाची पाळी?

रविवारीच कॅफेवर भोंगवलीच्या बाई यायच्या. शाळेत शिकवायच्या. केस पिकलेले, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागायचं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तासभर बसायच्या. मी त्यांना चहा द्यायचो आणि गिऱ्हाईकांत त्या एकट्याच ऐकून घेणाऱ्या म्हणून मनातलं बोलायचो.

"बाई, आमच्या ग्रुपवर एक मुकादम आहे. माणूस आहे का कसाई, कळत नाही. रविवार आला की मला धडकी भरते बघा."

"मग सोडा की ग्रुप," बाई म्हणाल्या.

"सोडवत नाही ना. त्याचं ऐकलं की झाडं जगतात."

एरवी बाई अर्धा चहा ठेवायच्या, त्या दिवशी सगळा प्यायल्या.

*

मुकादमाने आपल्या झाडाचा फोटो एकदाच टाकला. जुनं, थोरलं झाड. तेलाच्या कापलेल्या डब्यात लावलेलं. बुंध्याच्या वर, जिथून फांद्या सुरू होतात तिथे मानेत एक हिरवी काचेची बांगडी. रोप लहान असताना कोणीतरी घातली असणार. झाड वाढलं, बांगडी रुतली, आता निघणं शक्य नाही.

एका नव्या माणसाने धीर करून विचारलं, "मुकादम, ती बांगडी कोणाची?"

"प्रश्न झाडाबद्दल विचारा."

तो माणूस पुन्हा कधी ग्रुपवर दिसला नाही. आम्ही मात्र तर्क लढवत बसलो. गुरुजींचं म्हणणं, मुकादमाची बायको वारली असणार, म्हणून असा खडूस झालाय.

*

आता शेवटचा सांगतो. हा मी सहसा सांगत नाही.

एका रविवारी मुकादमाचा मेल आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. आधी आम्हाला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. नवे लोक वाटेल ते विचारायला लागले. मग हळूहळू सगळ्यांनाच कसंतरी व्हायला लागलं. ओरडणारा माणूस गप्प झाला की जास्त भीती वाटते. "मुकादम, बरे आहात ना?" असं लिहायची मात्र कोणाची छाती झाली नाही. न जाणो, झापायचा.

बाईही यायच्या बंद झाल्या होत्या. म्हटलं, शाळेत परीक्षा असतील.

एका गुरुवारी दुकानासमोर जीप थांबली. सारोळ्याहून सीट भरून येते ना, तीच. तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी कडेवर घेऊन उतरले. "रियाजभाई तुमीच का? म्या भोंगवलीचा. तात्या म्हनत्यात मला. आमची मंडळी हितं कोपऱ्यात बसायची."

"बाईंचे मालक का? बसा, बसा. बाई कशा आहेत?"

"पुन्याला दवाखान्यात हाय. आपरेशन झालं, पर ताप उतरंना. डाक्टर नीट काय सांगत न्हाईत." त्यांनी ओझं काउंटरवर ठेवलं. "तिचं झाड हाय. पानं गळाय लागली. म्हनली हुती, काय अडलं तर रियाजभाईकडं जावा."

त्यांनी गोणपाट सोडलं. तेलाचा कापलेला डबा. मानेत हिरवी बांगडी.

ज्या मुकादमाला मी दर रविवारी घाबरत होतो, त्याला दर रविवारी मीच चहा देत होतो. तोंडावर कसाई म्हणालो होतो. आणि तो मुकादम आता तापाने फणफणून पुण्यात पडला होता. पहिली भीती कुठल्या कुठे गेली आणि दुसरी, खरी भीती येऊन बसली.

मी बुंधा दाबून पाहिला. खालून मऊ लागला. "तात्या, पाणी किती घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. तिची आठवन आली की घालत हुतो."

मी मातीत बोट खुपसलं, ते चिखलाने भरून वर आलं.

"हे गेलं तर तिला काय सांगू?" तात्या म्हणाले. "भेटाय गेलो की पयलं झाडाचंच इचारती. म्या सांगतो, झ्याक हाय. तुमच्या त्या नेटवाल्यांना इचारा की."

तात्यांच्या नावाने ग्रुपवर खातं उघडलं, फोटो जोडला आणि लिहिलं, "बुंधा खालून मऊ लागतोय, काय करू?" बाईंबद्दल काहीच लिहिलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. तात्यांनाही मुकादमाचं काही बोललो नाही.

पहिलं उत्तर, "आधी जुने मेल वाचा." दुसरं, "हे झाड मुकादमांचं आहे. तुमच्याकडे कसं? चोरलंत काय?" तात्यांना मी ते वाचून दाखवलं नाही.

भोरच्या डॉक्टरांनी मात्र नीट लिहिलं. कुजलेला भाग खालून कापत जायचा, आतलं पांढरंशुभ्र लागेपर्यंत. मग झाड उलटं टांगून सावलीत सुकवायचं. पण कूज मानेपर्यंत चढली असेल तर आधी बांगडी फोडायला लागेल. "आणि मुकादमांना विचारल्याशिवाय," डॉक्टरांनी शेवटी लिहिलं, "मी ते सांगणार नाही."

हे वाचून दाखवलं तसा तात्यांचा चेहरा उतरला. "तिची बांगडी म्या फोडायची? ती तिकडं तशी पडलीय आन म्या हिकडं?" त्यांनी बांगडीवरून अंगठा फिरवला. "फुटली तर इडापिडा माज्यावर यील. येऊ द्या, माजं काय न्हाई. पर ती आधी घरी आली पायजे."

झाड ते माझ्याकडेच ठेवून पुण्याला गेले. मी रोज सकाळी शटर उघडलं की आधी बुंधा दाबायचो. मऊपणा वर वर चढत होता. शनिवारी बांगडीपाशी आला. असा शनिवार माझ्या आयुष्यात दुसरा नाही. मेल येईल याची भीती नव्हती, येणार नाही याची होती.

रविवारी तात्या आले, डोळे तांबारलेले. मी कॉम्प्युटर लावला. लाईट होती, नशीब.

मुकादमाचा मेल आला होता. कुठून पाठवला, कोणाकडून लिहून घेतला, अल्ला जाणे. मी वाचून दाखवला.

"नवीन सदस्य, आधी जुने मेल वाचा. मग बोला. दिवसातून दोनदा पाणी घालणाऱ्याने सुरी हातात घेऊ नये. डॉक्टरांना कापू द्या. बांगडी काचेची आहे, फोडा. पांढरं लागेपर्यंत कापा. उलटं टांगा. मी येईपर्यंत सरळ करायचं नाही."

दोनदा पाणी घातल्याचं मी ग्रुपवर लिहिलंच नव्हतं.

"परत वाचा," तात्या म्हणाले. मी परत वाचला. शेवटची ओळ त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावली.

मग त्यांनी डोक्याची टोपी काढून बांगडीवर धरली आणि माझ्या काउंटरवर कागदांवर ठेवलेलं वजन उचलून एकदाच हाणलं. तुकडे वेचून टोपीत घेतले, टोपी घडी करून खिशात घातली. झाड गोणपाटात गुंडाळलं, भोरला डॉक्टरांकडे जायला निघाले आणि दारात थांबले.

"त्या मुकादमाला ल्हिवा."

"काय लिहू, तात्या?"

"बांगडी वाढवली म्हनावं. आन गोळ्या येळेवर घेत जा म्हनावं."