पौर्णिमा भगतला विमा कसा मिळाला

इंझोरीत शुगर म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार. माणूस रिटायर झाला, पोट सुटलं, घरात सून आली, की मग ती व्हावी असा साधारण रिवाज. त्यामुळे दौलतराव भगतांच्या पौर्णिमाला ती सहावीत असतानाच झाली तेव्हा गावाला तो जरा आगाऊपणाच वाटला. पोरगी वर्गात स्वतःची पाण्याची बाटली संपवून शेजारणीची संपवायची, आणि वाळून काडी झाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की हा प्रकार वेगळा आहे, यात शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं, गोड खाण्याशी याचा संबंध नाही, आणि इंजेक्शन जन्मभर. हे गावात पोचेपर्यंत त्याचं 'पोरीनं लय पेढे खाल्ले' असं झालं होतं. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बिया. एका मावशीनं तर सहानुभूती म्हणून स्वतःचा चहा सोडला आणि त्याबद्दल पुढे कित्येक वर्षं आभारांची वाट पाहिली.

पौर्णिमानं ते सगळं ऐकून घेतलं आणि पोटात सुई टोचून शाळेत गेली. तशीच कारंज्याला बी.कॉम. झाली आणि तिथल्याच एका अडत्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागली. दौलतराव बँकेत शिपाई. बँकेच्या कर्मचाऱ्यांचा एकत्रित आरोग्य विमा होता, त्यात बायको-पोरं आपोआप यायची. पौर्णिमाला दोनदा अकोल्याला भरती करावं लागलं, तेव्हा त्यानंच निभावलं. सरकारी योजनेचं कार्डही घरात होतं, पण तिचे डॉक्टर ज्या दवाखान्यात बसत तिथे ते चालत नव्हतं.

मग तिला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्या सकाळी विमा कंपनीचे दोन मेसेज आले. पहिल्यात केकचं चित्र आणि निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा होत्या. दुसऱ्यात लिहिलं होतं की वयोमर्यादा संपल्यामुळे आपलं नाव पॉलिसीतून वगळण्यात आलं आहे.

"पंचवीसची झाली म्हनून शुगर गेली काय तिची?" आई लिलाबाईंनी विचारलं.

"शुगर नाई गेली, आई. मीच गेली."

नवा विमा काढायचा ठरला, म्हणून दौलतरावांनी रविकांतला फोन केला. रविकांत समाजातलाच, कारंज्याचा विमा एजंट. लग्नाच्या पंगतीत तो शेजारी येऊन बसला की माणसं ताट उचलून जागा बदलायची. आजवर त्याला कुणी आपण होऊन बोलावलं नव्हतं. तो दुपारच्या उन्हात, हेल्मेटसकट घरात शिरला.

"जय भीम, मामा! मी म्हनतच होतो, एक दिवस तुमाले पटन."

"मले नाई, पोरीले पायजे."

"मंग त् काईच नाई! तरन्या मानसाची पॉलिसी म्हंजे चुटकीचं काम." त्यानं पेन काढलं. "काई आजार-गिजार?" हे विचारतानाच तो 'नाही'समोर खूण करायला लागला होता.

"टाइप वन डायबेटिस," पौर्णिमा म्हणाली.

पेन थांबलं. रविकांतनं दाराकडे पाहिलं, जणू कंपनी ओसरीवर उभी राहून ऐकत होती.

"हे कोनाले सांगू नको."

"साऱ्या गावाले माईत हाय."

"गावाचं सोड व. कंपनीले कायले सांगा लागते?"

"उद्या भरती झाली त् डॉक्टर पहिले शुगरच मोजतीन. मंग कंपनी म्हनन, हिनं लपवलं. हप्ताबी जाईन अन् विमाबी."

हे रविकांतला ठाऊक होतंच. फक्त ते गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायची त्याला सवय नव्हती. त्यानं सुस्कारा टाकला आणि खरं ते लिहिलं.

कंपनीनं तिला तपासणीसाठी वाशीमच्या एका लॅबमध्ये बोलावलं. उपाशीपोटी रक्त घेतलं, जेवल्यावर परत घेतलं. काही दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज गंभीर होता.

"मॅडम, शांतपणे ऐका. तुमच्या रक्तात साखर जास्त सापडली आहे."

"सर, ते मी अर्जातच लिहिलं होतं."

"हो. पण आता ते सिद्ध झालं."

आठवड्याभरात नकार आला. खाली छापलेलं होतं, 'आपलं आरोग्य हीच आमची काळजी.'

रविकांत हरणारा नव्हता. त्यानं दुसरी कंपनी शोधली. ती तयार झाली, फक्त मधुमेह आणि त्यातून उद्भवणारे आजार वगळून. दौलतरावांनी चष्मा लावला.

"म्हंजे डोये?"

"डोये शुगरनं जातात, मामा. ते नाई."

"किडनी?"

"नाई."

"हार्ट? पाय?"

"तेबी शुगरमंदीच धरतात."

"मंग भेटते काय?"

रविकांतनं बराच विचार केला. "साप चावला त् भेटते."

"म्हंजे पोरीनं हप्ता भरून आता साप पायत फिराव काय?"

सगळे हसले. पौर्णिमाही हसली, आणि हसता हसता उठून मागच्या अंगणात गेली. लिलाबाई पाठोपाठ गेल्या तेव्हा ती नळापाशी तोंड धूत उभी होती.

"आई, मी घास मोजून खाते. लग्नात गेली तरी पहिले बोटाले सुई टोचते. अन् विनोददादाले एका दिवसात पॉलिसी भेटली."

विनोद तिचा चुलतभाऊ. सकाळपासून त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा आणि जिना चढला की त्याला धाप लागायची. पण त्यानं जन्मात कधी रक्त तपासलं नव्हतं, त्यामुळे कंपनीच्या लेखी तो ठणठणीत होता.

लिलाबाईंनी मग आपला उपाय काढला. अनसिंगहून एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्याला कंपनीत. मुलाकडचे पोहे खात असताना लिलाबाईंनी ना शेती विचारली ना घर.

"पोराले हापिसातून दवाखान्याचा इन्शुरन्स हाय काय? त्यात बायको बसते काय? पयल्या दिवसापासून काय?"

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "काहून व बाई? काई हाय काय पोरीले?"

पौर्णिमानं स्वतःच सांगितलं. पाहुण्यांनी अर्ध्या बशीत निरोप घेतला. लॅबची तपासणी न करता नकार कळवल्याबद्दल दौलतरावांना त्यांचं कौतुकच वाटलं.

शेवटी ती एकटीच निघाली. जिनं पहिला नकार दिला त्या कंपनीची शाखा कारंज्यातच, बस स्टँडजवळ होती. नकार का, ते तिला तोंडावर विचारायचं होतं. मॅनेजर मदनसिंग राठोड फोनवर होते, म्हणून तिला बाकावर बसवलं. बाकावर एक म्हातारं जोडपं आधीपासून बसलं होतं. त्यांना प्रतीक्षा काळ म्हणजे काय ते कळत नव्हतं. "म्हंजे इथं बाकावर बसाचा टाइम काय, बाई?" म्हातारीनं विचारलं. पौर्णिमानं सांगितलं, की हप्ता आजपासून भरायचा, पण जुन्या आजाराचा खर्च काही वर्षांनी मिळायला लागतो, तोवर थांबायचं. म्हाताऱ्याला पटलं. तो तिथेच सही करायला तयार झाला.

काचेआडून मदनसिंग हे बघत होते. त्यांच्या शाखेत कामाला मुलं टिकत नव्हती आणि महिनाअखेर जवळ आली होती. त्यांनी तिला आत बोलावलं, तिचं म्हणणं ऐकलं आणि हात जोडले.

"पॉलिसी देणं माझ्या हातात नाही. नोकरी करता का?"

पौर्णिमाला वाटलं, ते थट्टा करताहेत. तिनं विचारलं, "नोकरीवर विमा असतो का?"

"असतो ना. कर्मचाऱ्यांचा एकत्रित. पहिल्या दिवसापासून, सगळे आजार."

"मला टाइप वन डायबेटिस आहे, सर. तुम्हीच मला नाकारलंय."

"तेव्हा तुम्ही ग्राहक होता," मदनसिंग समजावणीच्या सुरात म्हणाले. "ग्राहक आजारी परवडत नाही. कर्मचाऱ्याला कोणी विचारत नाही."

पौर्णिमानं अडत्याची नोकरी सोडली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवून घरी आली तेव्हा लिलाबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ह्यालेच विमा म्हंतात काय?"

पावसाळ्यात तिला ताप भरला, शुगर चढली, उलट्या थांबेनात. दौलतरावांनी गाडी करून तिला अकोल्याला नेलं. दौलतराव खाली चहा पिऊन वर येईपर्यंत विम्याची मंजुरी आली होती. तिसऱ्या दिवशी मदनसिंगांचा फोन आला. त्यांनी तब्येत विचारली, ती खरोखर काळजीनं विचारली, आणि मग दवाखान्यात शेजारच्या खाटांवर कुणी विमा नसलेलं आहे का, तेही विचारलं.

ती बरी होऊन परत कामावर गेली. दिवाळीच्या आधी कारंज्यातलेच जमशेदभाई, चपलांच्या दुकानाचे मालक, मुलीला घेऊन आले. कशिश तेवीसची, लहानपणापासून दमा. पौर्णिमानं तिला खुर्ची दिली आणि काही न लपवता सांगितलं. एक पॉलिसी मिळेल, पण दम्यासाठी तीन वर्षं थांबावं लागेल. हप्ता जास्त लागेल. दमा लपवून घेतली तर ऐन वेळी काहीच मिळणार नाही.

"तीन वर्षं दम्याला कोण सांगणार थांब म्हणून?" जमशेदभाई म्हणाले.

कशिश पौर्णिमाच्या टेबलावरच्या इन्सुलिनच्या पेनाकडे बघत होती. "ताई, तुम्हाला पण काहीतरी आहे ना? तुम्ही कोणती पॉलिसी घेतली?"

"मी पॉलिसी नाही घेतली," पौर्णिमा म्हणाली. "मी नोकरी घेतली."

बाप-लेकीनं एकमेकांकडे पाहिलं. काचेआडून मदनसिंगांनी मान वर केली.

"मुलगी ग्रॅज्युएट आहे का?" त्यांनी विचारलं.