दातांच्या खुणा

गौरव्वा गेल्याची चिठ्ठी औरादच्या एका व्यापाऱ्यानं शाळेत आणून दिली, तेव्हा मी गुलबर्ग्यात मुलांच्या फारसीच्या वह्या तपासत होतो. चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि उरलेल्या वह्या तपासूनच उठलो. हे लिहिताना लाज वाटते. पण माझ्या या धाकट्या बहिणीविषयी, गौराविषयी, जे लिहायचं आहे, त्यात याहून लाजेचं बरंच आहे.

आम्ही दुबलगुंडीचे, लिंगायत घरातले. मूल जन्मलं की काही दिवसांतच त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग बांधायचं आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन ते पुजल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. गौराच्या डबीवर तिच्या पहिल्या दातांच्या खुणा होत्या, कारण दात येताना ती डबीच चावत बसायची. नऊ वर्षांची असताना मळ्यातल्या विहिरीवर पाणी शेंदताना तिचा दोरा तुटला आणि डबी पाण्यात गेली. अव्वा, म्हणजे आमची आई, एवढंच म्हणाली, "सापडंपर्यंत पाणीसुदिक न्हाई." आणि चूल न पेटवता स्वतःही लेकीशेजारी उपाशी बसली. मठातले अय्या, आमचे गुरू, नवं लिंग द्यायला तयार होते. अव्वाला ते पटेना. गेलेला जीव कुणी बदलून घेतो का, असं तिचं म्हणणं. विहिरीत माणसं उतरली, गाळ चाचपला, काही हाती आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गौराचे ओठ फुटले होते. ती काही मागत नव्हती, नुसती घागरीकडं बघत होती...

अप्पा, आमचे वडील, पहाटेच हुमनाबादला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मला गोठ्यामागं नेलं आणि हातात एक नवी डबी दाबली. पहिली घडवणाऱ्याच सोनाराची, तशाच घडणीची, आत नवं लिंग.

"बुडी मार. वर येताना हे मुठीत असू दे."

"अप्पा, हे खोटं हाय की."

"खरं आणतोस का? न्हाई न्हवं? मग गप."

मी बुडी मारली, तळाचा चिखल डबीला फासला आणि वर आलो. लोक ओरडले. अव्वा रडली. गौरानं डबी घेऊन बोटानं चोळली आणि थबकली. "अण्णा, खुणा कुठं गेल्या?" मी केसांतलं पाणी निपटू लागलो. तेवढ्यात तीच हसली. "देवानं धुतल्यात. हातात घेटलं असंल न्हवं त्यानं."

श्रद्धा माणसाच्या मनात कशी येते, यावर पुढं मी पुष्कळ वाचलं. पण ती येताना मी पाहिली आहे, विहिरीच्या काठावर, आणि माझे हात ओले होते.

गौरा चिंताकीला सासरी गेली. तिथं मी गेलो की आल्यागेल्याला बसवून घ्यायची. "आमच्या अण्णानं काढलंय. सांग की, अण्णा." मी सांगायचो. तिचा नवरा थट्टा करायचा, "मास्तर, एवढा येळ खाली होतात, मासे तरी आणायचे!" सगळे हसायचे, मीही. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की कुठं अडखळायला होत नसे.

मग एका कडक उन्हाळ्यात विहीर आटली. गाळ काढताना गड्यानं काळी पडलेली एक डबी माझ्या हातावर ठेवली. पुसली तर दातांच्या खुणा. अप्पा वारले होते. खरं सांगायला तेव्हा कुणाची बंदी नव्हती. अव्वाला धक्का बसेल, असं मी मनाशी म्हटलं आणि डबी ट्रंकेत टाकली. पण सगळ्या घरात आपल्याला एकट्यालाच खरं ठाऊक आहे, या सुखाची मला चटक लागली होती, हे आज लिहून टाकतो.

पुढच्याच वर्षी गौराची सात वर्षांची नीलू तापानं अंथरुणाला खिळली. बिदरच्या दवाखान्यात न्यायचं ठरवून मी दारात बैलगाडी आणली. गाडीत गवत पसरलं, वर वाकळ घातली. तेव्हा गौरा म्हणाली, "थांब, अण्णा. आदी तिला इहिरीची गोष्ट सांग."

मी सांगितली.

"मामा, पाण्यात डोळं उघडं ठिवलं व्हतंस?" नीलूनं विचारलं.

"व्हय."

"बघ," गौरा म्हणाली, "गेलेलं परत आलंय त्या देवाकडनं. ही कुठं जातीय?" आणि तिनं बैल सोडायला लावले. मी गाडीतली वाकळ काढून तिची घडी घातली. पाचव्या दिवशी नीलू गेली. गौराचा विश्वास ढळेल असं मला वाटलं होतं. तिनं दोष देवाला दिला नाही, दवाखान्याला नाही, मलाही नाही. आपली पूजा कमी पडली म्हणाली आणि दिवसातून एकदा करायची ती पूजा तीनदा करू लागली. त्या तीनही वेळा तिच्या तळहातावर माझं खोटं असायचं.

यंदा उन्हाळ्यात ती आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी जुनी डबी खिशात घालून गेलो. सांगायचंच, असं ठरवून.

"कामून आलास रे एवढ्या उन्हात? म्हातारा झालास," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "अण्णा... सांग की एकदा."

खिशात माझा अंगठा त्या खुणांवर होता. मी गोष्ट सांगितली. आणि आजवर कधी न घातलेलं एक वाक्य त्यात घातलं, की तळाशी उजेड दिसत होता. तिनं डोळे मिटले. "मला ठावं व्हतं," म्हणाली.

चिठ्ठीनंतर मी पोचलो तोवर तिला मातीत बसवून पुरलं होतं. रीतीप्रमाणे, डाव्या तळहातावर लिंग देऊन. मी आणलेलं.

जुनी डबी माझ्या टेबलाच्या खणात, टाकांच्या निबांशेजारी आहे. वह्या तपासताना हात आपोआप तिकडं जातो. वरच्या बाजूला दोन खुणा, खाली एक. परवा मी ती तांब्यातल्या पाण्यात रात्रभर ठेवून, सकाळी राखेनं घासून पाहिली. खुणा धुतल्या जात नाहीत.